टायमरवर ३ दिसला की सुटताय? चौकातल्या या चुका टाळा

पुण्यात टायमरवाला सिग्नल असला की ३ आकडा दिसला रे दिसला की अर्धा चौक पुढे रांगायला लागतो. मी पण त्यातलाच. टिळक रोडला एकदा असाच २ वर निघालो आणि आडव्या रस्त्यावरनं एक टेम्पो, ज्याचा नुकताच लाल पडलेला, सुसाट गेला, माझ्या पुढच्या चाकापासून जेमतेम हातभर. शिव्या घातल्या त्याला, घालणारच, पण माझा तरी कुठे हिरवा झाला होता?

सगळा लोचा इथेच आहे. तिकडचा "अजून जाईल" म्हणत लाल पडल्यावर घुसतो आणि इकडचे आपण हिरवा व्हायच्या आधीच सुटतो. बऱ्याच सिग्नलना मध्ये एक-दोन सेकंद सगळ्याच बाजूंना लाल ठेवतात, चौक रिकामा व्हावा म्हणून, ते आपण दोघं मिळून खाऊन टाकतो. त्यामुळे हिरवा पडला तरी मनात एक-दोन म्हणा, आधी उजवीकडे बघा कारण आपण डाव्या बाजूने चालवतो, तर उजवीकडनं येणाराच पहिला आडवा येतो. मग डावीकडे, वन-वे असला तरी बघा, राँग साइडवाले काय बोर्ड वाचून येतात का. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

झेब्रावर किंवा त्याच्याही पुढे जाऊन उभं राहणं ही पण तितकीच वाईट सवय, कारण एक तर चालणाऱ्यांची वाट अडते आणि वळणारी बस आपल्याला घासून जाते.

शेजारी बस उभी असेल आणि हिरवा होऊनही हलत नसेल तर तिच्या डावीकडनं सटकू नका. ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्याला काहीतरी दिसलंय, एखादी आजी रस्ता ओलांडतीये नाहीतर कोणीतरी सिग्नल तोडून येतंय.

लांबून हिरवा दिसतोय म्हणून स्पीड वाढवणारे तर डेंजरच. ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे आपण "अरे!" म्हणून ब्रेककडे हात नेईपर्यंतच छोटा चौक संपला. त्यापेक्षा चौक जवळ आला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, बोटं ब्रेकवर ठेवा. पिवळा पडला तर थांबायचंच, फक्त त्याआधी आरशात एक नजर टाका, मागे डंपर चिकटलेला असेल तर करकचून ब्रेक मारून उपयोग नाही, म्हणून आधीपासूनच स्पीड कमी हवा.

रात्री पिवळा नुसता लुकलुकत असतो तेव्हा कोणालाच हिरवा नसतो, सगळ्यांनीच हळू होऊन बघून जायचं असतं. पण दोन्हीकडचे लोक "सिग्नल बंद आहे" समजून सुसाट निघतात, तिथे मी सरळ पाय टेकवूनच जातो.

आणि एवढं करूनही कोणी समोर आलाच तर हँडल झटकन वळवू नका, तिथेच गाडी घसरते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) असेल तर दाबूनच धरायचे, हॉर्न नंतर. कोणाला लागलं असेल तर आधी १०८ ला फोन, टेम्पोवाल्याशी भांडण मागाहून.