नॅरोबोटीवर राहताना या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट चालवण्यासाठी परवाना-परीक्षा द्यावी लागत नाही, आणि सात फुटांहून थोडी कमी रुंद, पण साठ-सत्तर फूट लांब असलेली ही पोलादी बोट दिसायला इतकी गरीब असते की नवख्यांना तिच्या वजनाचा विसर पडतो. वेगमर्यादा ताशी 4 मैल असल्यामुळे फारसे काही बिघडणार नाही, असे ते गृहीत धरतात आणि सर्वात गंभीर चूक लॉकमध्ये (दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारा हौद), म्हणजे बोट जवळजवळ उभी असतानाच करतात.

लॉकच्या वरच्या दरवाजाखाली सिल नावाचा भक्कम कठडा आत पुढे आलेला असतो. लॉक भरलेला असताना तो पाण्याखाली लपतो. त्याची हद्द दाखवणारी पांढरी खूण तेवढी भिंतीवर दिसते. खाली उतरताना बोटीचे मागचे टोक या खुणेच्या मागे राहिले, तर पाणी उतरू लागताच ते सिलवर अडकते आणि पुढचे टोक खाली जात राहते. टार्डेबिगच्या 30 लॉकांच्या रांगेत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. एका कुटुंबाने लवकर खाली पोहोचण्याच्या घाईत खालची दोन्ही पॅडले (पाणी सोडणाऱ्या झडपा) एकदम पूर्ण उघडली होती आणि टिलरवरचे, म्हणजे सुकाणूच्या दांड्यापाशी उभे असलेले गृहस्थ मागे न पाहता मुलांना सूचना देत होते. आतून भांडी घसरल्याचा आवाज आला तेव्हा बोट तिरकी झाली होती आणि पुढच्या दारापासून पाणी वीतभरच खाली उरले होते. मी धावत जाऊन खालची पॅडले पाडली, त्यानंतरच वरचे पॅडल हळूहळू उघडायला लावले, आणि पाणी चढल्यावर बोट सुटली. हा क्रम उलटा करू नये: आधी पाणी बाहेर जाणे थांबवायचे, मग आत घ्यायचे. मी स्वतः उतरताना पॅडल आधी अर्धेच उघडण्यास सांगतो, खुणेवरून नजर काढत नाही आणि पॅडलपाशी उभ्या असलेल्या माणसाला दुसरे कोणतेही काम देत नाही. लॉकमध्ये वाचवलेल्या दोन मिनिटांचा अभिमान बाळगणाऱ्यांसोबत प्रवास करणे मी टाळतो.

दुसरी चूक वीड हॅचची. बोटीला पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात पिशवी, दोर किंवा जुनी साडी अडकली (बर्मिंगहॅमच्या आसपास साड्या खरोखरच निघतात) की इंजिनाजवळचे हे झाकण उघडून हात पाण्यात घालावा लागतो. त्याआधी इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. ‘नुसते पाहतो’ म्हणणाऱ्यांनीही ठेवावी. मात्र, बोट बुडवते ती नंतरची घाई. झाकण नीट आवळले नाही, तर पंखा फिरताच पाणी उसळून इंजिनाच्या खणात भरू लागते. झाकण बसवल्यावर मी इंजिन गिअरमध्ये घालून कडेने हात फिरवून पाहतो आणि कड कोरडी लागल्याशिवाय दोर सोडत नाही.

लॉकमध्ये उतरताना दोर खुंट्याला पक्का बांधू नये, कारण पाणी उतरते आणि बोट दोरावर लटकते. विंडलास (पॅडल फिरवण्याचा सुटा हँडल) पॅडलच्या दांड्यावर तसाच ठेवून वळू नये; पॅडल धरून ठेवणारी अडकण निसटली तर तो गरगर फिरतो आणि मनगट मोडू शकतो. बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग आधीच कमी करावा, शेजारी पोहोचल्यावर नव्हे.

स्वतःचा कायमचा धक्का नसलेल्यांना 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. पंधराव्या दिवशी थोडेसे पुढे सरकून पुन्हा तिथेच परतणे हा प्रवास नव्हे, आणि या पळवाटेमुळे नियम पाळणाऱ्यांनाच जागा मिळत नाही.

हिवाळ्यात उष्णता टिकावी म्हणून हवेच्या झरोक्यांत कापड कोंबणारे लोक मला दरवर्षी भेटतात. शेगडी पेटलेली असताना हे जिवावर बेतू शकते. राहण्याची सोय असलेल्या बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म 2019 पासून सक्तीचा आहे. तो झोपण्याच्या जागेजवळ लावावा, बटण दाबून नियमित तपासावा, आणि थंडी वाजत असेल तर झरोका बुजवण्याऐवजी आणखी एक पांघरूण घ्यावे.