शाळा उघडायच्या आधी मुलांनी स्वतः शिवलेली वही, पुठ्ठा वाकू न देता

अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात चमकी, रंगीत टेप आणि पेन ठेवायचा डबा देऊन बसवू नका. या वयात मुलांना मिलिमीटरमध्ये मोजता येतं, सुई चालवता येते, आणि हातून काहीतरी टिकाऊ व्हावं असं त्यांना मनापासून वाटत असतं. त्यांना वही बांधायला द्या. पुठ्ठ्याच्या बांधणीची, दोऱ्याने शिवलेली, वर्षभर दप्तरात राहिली तरी पान न सुटणारी वही. मी दरवर्षी भाचरांना आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना घेऊन हे करते. काम दोन दुपारचं आहे, आणि त्यानंतर वहीला दोन दिवस वजनाखाली पडून राहावं लागतं. म्हणून शाळेच्या आदल्या रात्री सुरू करू नका.

कागद

‘जुन्या वह्यांची कोरी पानं काढा आणि नवी वही बांधा’ असं सगळे सांगतात, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. शिवायला सुटी पानं चालत नाहीत, मधोमध दुमडलेली जोडपानं लागतात. पिनांनी टाचलेल्या वहीतलं शेवटचं पान पहिल्या पानाला जोडलेलं असतं. त्यामुळे वही अर्ध्यापेक्षा जास्त लिहून झाली असेल, तर तिच्यात एकही पूर्ण कोरं जोडपान मिळत नाही. अर्ध्याच्या आत सोडून दिलेल्या वह्या शोधा, पिना सोडवा आणि मधली पानं अलगद काढून घ्या. अशा वह्या घरात नसतील तर सरळ नवा कागद घ्या.

चार जोडपानं एकात एक घातली की एक फर्मा होतो. असे सहा फर्मे पुरेत, म्हणजे लिहायला ९६ पृष्ठं मिळतात. घडीवरून चमच्याची पाठ जोरात फिरवा आणि फर्मे रात्रभर वजनाखाली ठेवा.

शिवण

मोठ्यांना शिवणीची भीती वाटते, मुलांना वाटत नाही. २१ सेंटिमीटर उंचीच्या वहीला घडीवर वरून १५, ८०, १३० आणि १९५ मिलिमीटरवर चार छिद्रं पाडा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर एकदाच खुणा करून घ्या आणि प्रत्येक फर्म्याला तीच पट्टी लावा. दोरा जाड सुती असावा आणि मेणबत्तीवरून ओढून घेतलेला असावा. पहिल्या छिद्रातून आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून आत, चौथ्यातून बाहेर. मग दुसरा फर्मा वर ठेवून उलट दिशेने यायचं. मधल्या छिद्रातून दोरा बाहेर आला की खालच्या फर्म्याच्या बाहेरच्या टाक्याखालून सुई काढायची आणि मग पुढच्या छिद्रात शिरायचं. दुसरा फर्मा संपला की सुरुवातीच्या टोकाशी गाठ मारा. तिसऱ्यापासून पुढे प्रत्येक फर्म्याच्या शेवटी सुई खालच्या दोन फर्म्यांमध्ये घालून तिथल्या दोऱ्याला अडकवून घ्या.

दोरा ताणायचा तो कण्याला, म्हणजे फर्म्यांच्या शिवलेल्या कडेला, समांतर, ज्या दिशेने शिवत आहात त्या दिशेने. स्वतःकडे किंवा वर ओढला की छिद्र फाटतं. मुलांना हे करून दाखवा, नुसतं सांगून पुरत नाही.

शिवून झालं की कण्याला पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या. त्यावर जखमेला बांधतात त्या बँडेजची पट्टी बसवा, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर बाहेर राहील अशी. वहीचं पुठ्ठ्याशी नातं या पट्टीवर टिकतं, ती वगळू नका.

पुठ्ठा आणि कापड

२ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या. उंची पानापेक्षा ६ मिलिमीटर जास्त, रुंदी पानापेक्षा २ मिलिमीटर कमी. कण्यासाठी पातळ कार्डाची पट्टी घ्या, तिची रुंदी पानांच्या गठ्ठ्याची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी इतकी. पट्टी आणि पुठ्ठे यांच्यामध्ये दोन्हीकडे ७ मिलिमीटरची खाच सोडा. कापताना स्टीलची पट्टी वापरा, कटर हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवा, आणि मोठं माणूस शेजारी असू द्या. एका फटक्यात पुठ्ठा कापायला गेलं की कटर बोटावर येतो.

पुठ्ठे आणि पट्टी कापडावर चिकटवताना गोंद कापडाला लावू नका, पुठ्ठ्याला लावा, म्हणजे तो कापडातून वर झिरपत नाही. कोपऱ्यावरचं कापड तिरकं कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिलिमीटर राखा. अगदी टोकाला लागून कापलं तर पुठ्ठा उघडा पडतो.

अस्तर चिकटवणं: इथे घाई केली तर वही गेली

इथपर्यंतचं सगळं कोणीही नीट करतं. वही बिघडते ती अस्तर, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा कागद, लावताना, आणि बिघडलेली दिसते दुसऱ्या दिवशी.

पहिल्या वर्षी आम्ही आठ वह्या बांधल्या होत्या. अस्तराला रंगीत ए-४ कागद घेतला. गोंद सहज पसरावा म्हणून त्यात पाणी घातलं. लवकर वाळाव्यात म्हणून वह्या पंख्याखाली मांडून ठेवल्या. सकाळी आठही वह्यांचे पुठ्ठे होडीसारखे वळलेले होते, वरची आणि खालची कड आत आणि मधला भाग फुगलेला. एक मुलगी दोन्ही तळव्यांनी पुठ्ठा दाबून धरत होती, आणि हात काढला की तो पुन्हा वर येत होता. मी तिला म्हटलं, तू नीट चिकटवलं नाहीस. ते चूक होतं. तिने मी सांगितलं तसंच केलं होतं, चूक माझ्या सांगण्यात होती. तेव्हापासून मी ही पायरी मुलांबरोबर सर्वांत सावकाश करते.

कारण समजून घ्या. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपतात. या दिशेला ग्रेन म्हणतात. कागद ओला झाला की तो तंतूंच्या लांबीकडे जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेला मात्र चांगलाच वाढतो. गोंद लावलेला कागद वाढलेल्या स्थितीत पुठ्ठ्याला चिकटतो आणि वाळताना आक्रसतो. पुठ्ठा त्याच्याबरोबर ओढला जातो. बाहेरच्या बाजूला कापडही ओढत असतं. दोन्ही ओढी एकाच दिशेच्या असतील तर त्या एकमेकींना तोलतात आणि पुठ्ठा सपाट राहतो. एक उभी आणि एक आडवी असली की पुठ्ठा पिळवटतो.

म्हणून नियम एकच: पानं, पुठ्ठा, कापड, अस्तर, सगळ्यांचं ग्रेन कण्याला समांतर. कापडाचं ग्रेन म्हणजे ताणा, लांबीचे उभे धागे, तो किनारीला समांतर असतो. पानांच्या बाबतीत थोडं चालवून घेता येतं, पुठ्ठा आणि अस्तर यांच्या बाबतीत अजिबात नाही. बाजारातल्या ए-४ कागदाचं ग्रेन बहुधा लांब बाजूला असतं, त्यामुळे तो दुमडून ए-५ केला की ग्रेन कण्याला आडवं येतं. आमच्या आठ वह्या त्यानेच गेल्या. अस्तरासाठी मोठा ताव आणा आणि हव्या त्या दिशेने कापून घ्या.

ग्रेन ओळखायचं कसं? तावाची कड उचलून पलीकडच्या कडेवर आणा, घडी न पाडता, आणि मधल्या फुगवट्यावर तळहात ठेवून हलकं दाबा. मग तसंच दुसऱ्या बाजूने करा. एका दिशेला कागद मुकाट्याने वाकतो, दुसऱ्या दिशेला तो हाताला उलट ढकलतो. जिथे सहज वाकतो तिथली घडीची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा. शंका उरली तर कागदाचा दोन बोटं रुंद चौकोन कापा आणि एकाच बाजूने ओल्या बोटाने पुसा. तो लगेच नळीसारखा गुंडाळतो. नळी ज्या दिशेला लांब पडलेली दिसते, तीच ग्रेनची दिशा. हा प्रयोग मुलांकडूनच करून घ्या. चौकोन टेबलावर आपोआप गुंडाळताना पाहिला की ग्रेन तपासायची आठवण त्यांना पुन्हा करून द्यावी लागत नाही. पुठ्ठ्याला पाणी नको, तो दोन्ही हातांत धरून वाकवून पाहा.

आता गोंद. पांढरा गोंद, आपण सगळे फेव्हिकॉल म्हणतो तो, आहे तसा वापरा. ‘पाणी घालून पातळ करा’ हा सल्ला दुसऱ्या कामांना ठीक असेल, अस्तराला घातक आहे, कारण जितकं पाणी जास्त तितका कागद जास्त वाढणार. खळही याच कारणासाठी नवख्यांना देऊ नये. ग्लू गन तर टेबलावरही ठेवू नका, तिचा थर जाड बसतो आणि खाचेतच तडकतो.

अस्तराचा दुमडलेला कागद घडीजवळ ४ मिलिमीटर गोंद लावून पहिल्या आणि शेवटच्या फर्म्याला आधी चिकटवून घ्या, तो वाळू द्या. मग वही पुठ्ठ्यांच्या मधोमध बसवून तिन्ही बाजूंनी कड सारखी दिसते ना ते पाहा. इथून पुढे न थांबता करायचं, गोंद वाट पाहत नाही:

१. अस्तराच्या दोन पानांमध्ये रद्दी कागद सरकवा आणि बँडेजची पट्टी अस्तरावर टेकवा.

२. रुंद, सपाट ब्रशने मधून कडांकडे गोंद पसरवा, पट्टीच्या खाली आणि वर दोन्हीकडे. कडांकडून आत ब्रश आणला तर गोंद पानांच्या कडेवर जातो आणि वही कायमची बंद होते. थर इतका पातळ हवा की खालचा कागद दिसला पाहिजे. पांढरा ढीग दिसत असेल तर तो खरवडून काढा.

३. रद्दी कागद काढून टाका. याचा विसर पडतो, म्हणून मी तो मोठ्याने सांगायला एका मुलाला नेमते.

४. पुठ्ठा सरळ वरून खाली आणून अस्तरावर टेकवा. पान उचलून पुठ्ठ्याकडे नेऊ नका, त्यात ते ताणलं जातं आणि सुरकुती पडते.

५. वही उलटी करा आणि दुसरी बाजू तशीच लावा.

यानंतर उघडून पाहायचं नाही. मुलं पाहतात, मोठेही पाहतात. ओलं अस्तर खाचेवर एकदा ताणलं गेलं की तिथे पडलेली सुरकुती कधीच जात नाही. दोन्हीकडे पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा असतो, त्यासाठी फक्त बोटभर फट करा आणि तो अलगद आत सरकवा. दोन्ही खाचांत विणकामाच्या सुया बसवा, वर-खाली सपाट फळ्या ठेवा आणि वरच्या फळीवर जाड पुस्तकांचा हातभर उंच ढीग रचा. ऊन, पंखा, हेअर ड्रायर यातलं काही नको. घाईने वाळलेला कागद एका बाजूने आधी आक्रसतो.

बारा तासांनी प्लास्टिक काढून त्या जागी टीपकागद घाला आणि वजन पुन्हा ठेवा. त्यानंतर आणखी एक पूर्ण दिवस थांबा. पुठ्ठ्याला हात लावल्यावर गार वाटला तर आत ओल आहे, वही आणखी एक रात्र तशीच राहू द्या.

पहिल्यांदा उघडताना

नवी वही मधोमध फाडल्यासारखी उघडू नये. ती कण्यावर उभी धरा, दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा आणि पानं सरळ वर राहू द्या. मग पुढून चार पानं खाली घेऊन घडीजवळ बोट फिरवा, नंतर मागून चार, पुन्हा पुढून चार, असं करत मध्यापर्यंत या. शिवण सगळीकडे सारखी बसते, आणि त्यानंतर वही कुठल्याही पानावर उघडली तरी टेबलावर सपाट पडून राहते.