मेल मर्जमध्ये प्रत्येकाचा वेगळा फोटो

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीची ओळखपत्रं वर्डच्या मेल मर्जने (एक्सेलच्या यादीतून प्रत्येकासाठी वेगळी प्रत काढण्याची सोय) करताना नावं आपोआप यायची, फोटो मात्र एकेक चिकटवावे लागायचे. वर्डमध्ये फोटोंचीही सोय आहे.

1. एक्सेलच्या 'फोटो' रकान्यात प्रत्येक फोटोचा पूर्ण पाथ, म्हणजे कॉम्प्युटरवरचा फाइलचा पत्ता, लिहा. बॅकस्लॅश (\) दोन-दोन द्या, बहुतेकांचं इथेच अडतं.
2. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्डमधून इन्क्लूडपिक्चर निवडा. फाइलचं नाव म्हणून तात्पुरतं 'अबक' टाका.
3. ऑल्ट-एफ9 दाबा, म्हणजे फील्डचा कोड दिसेल; त्यातलं फक्त 'अबक' निवडून त्या जागी 'फोटो' हे मर्ज फील्ड (एक्सेलच्या त्या रकान्यातला मजकूर आणणारी जागा) घाला.
4. मर्ज करून नवी फाइल काढा. सगळीकडे एकच चेहरा दिसला तरी घाबरू नका. कंट्रोल-ए, मग एफ9 दाबा, म्हणजे ज्याचे त्याचे फोटो येतात.

प्रिंटसाठी पेनड्राइव्ह बाहेर नेण्याआधी त्याच फाइलीत सगळं निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबाच, म्हणजे फोटो फाइलीतच पक्के बसतात.