घरीच हायस न्हवं? सांगलीतून पुण्याची नोकरी करताना

विश्रामबागेतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम पहिल्यांदा केलं ते मार्च २०२० मध्ये. २२ तारखेचा जनता कर्फ्यू व्हायच्या दोन दिवस आधी मी पुण्यातल्या वाकडच्या फ्लॅटमधून एक बॅग, लॅपटॉप आणि कुंडीतली तुळस घेऊन निघाले होते. आठवड्याभरासाठी म्हणून. तुळस अजून इथेच आहे. मीही, बरीचशी.

त्यामुळे असेल, पण वालचंदमधून किंवा आसपासच्या कॉलेजांतून नुकती बाहेर पडलेली ओळखीपाळखीची पोरं मला विचारतात, "ताई, ऑफर आलीय. घरून केलं तरी चालतंय म्हणालेत. घेऊ का?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी म्हणते, पहिली दोन वर्षं तरी पुण्याला जा. स्वतः आईच्या हातची आमटी खात घरी बसलेल्या बाईने असं सांगितलं की समोरच्याला ते ढोंग वाटणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. २०१५ साली हिंजवडीत लागले. तिसऱ्या महिन्यात मी एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, नोंदवला, 'पेमेंट होत नाही', आणि गांभीर्याच्या रकान्यात सगळ्यात वरचा पर्याय निवडला. दोन टेबलं सोडून बसणारा डेव्हलपर उठून आला, हसला, आणि मला त्याच्या मशीनपाशी घेऊन गेला. लॉग, म्हणजे सिस्टिमने आपोआप ठेवलेली नोंद, उघडून दाखवला. मी टेस्टिंगसाठी वापरलेल्या कार्डाची मुदतच संपलेली होती. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. त्या दिवसापासून लॉग वाचल्याशिवाय मी बग टाकलेला नाही. हे शिकवायला कुणी ट्रेनिंग ठेवलं नव्हतं, कुणी मीटिंग लावली नव्हती. तो मला ओरडलाही नाही. घरी असते तर तो बग शांतपणे 'रिजेक्टेड' होऊन परत आला असता आणि मी मनात म्हटलं असतं, हा माणूस खडूस आहे.

दुसरं शिक्षण कानांनी झालं. आमची टीम लीड क्लायंटशी बोलायची तेव्हा मी शेजारीच बसलेली असायची. क्लायंट विचारायचा, "शुक्रवारपर्यंत होईल?" ती कधीच हो म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही. "टीमशी बोलून संध्याकाळी कळवते," एवढंच. मला वाटायचं, काय हे, शुक्रवारी होणार आहे हे हिला माहितीय की! मग एकदा मीच फोनवर तारीख देऊन बसले, आणि पुढचे दोन शनिवार-रविवार ऑफिसात काढले.

माझे मामा आटपाडीकडचे. खिलार बैलांसाठी खरसुंडीच्या यात्रेला जायचे, लहानपणी एकदा मलाही नेलं होतं. तिथे दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवायचे. तोंडाने एक बोलायचे, बोटांनी दुसरं. मी विचारलं, हे शिकायचं कसं? मामा म्हणाले, "शिकायचं कसलं? बाच्या शेजारी उभं ऱ्हायाचं." आमच्या धंद्यातलं रुमालाखालचं बरंच काही असंच आहे. कुणाला मेल करायची आणि कुणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं, मॅनेजर "बघू" म्हणाला म्हणजे हो की नाही, कुठली डेडलाइन खरी आणि कुठली नुसती लिहायची म्हणून लिहिलेली.

हा काही फक्त माझ्या मनाचा खेळ नाही. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे घरी बसवले, निम्मे ऑफिसात. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर त्यातले निम्मे लोक आपण होऊन ऑफिसला परतले. एकटं वाटतं, हे त्यांचं मोठं कारण. त्याच कंपनीतला नंतरचा प्रयोग २०२४ मध्ये छापून आला, त्यात आठवड्यातले दोनच दिवस घरून काम होतं. तिथे बढतीवर काही परिणाम दिसला नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. सरसकट 'घर चांगलं की ऑफिस' असं विचारणाऱ्याला मी हे दोन्ही प्रयोग सांगते आणि विचारते, तू किती दिवसांबद्दल बोलतोयस?

२०२१ मध्ये माझ्या हाताखाली तासगावची एक मुलगी आली. पहिलीच नोकरी, पहिल्या दिवसापासून घरून. हुशार, मेहनती. रोज सकाळच्या कॉलवर सांगायची, "काम चालू आहे." तिसऱ्या दिवशी मी सहज स्क्रीन दाखवायला सांगितली, तर तिला टेस्टिंगच्या सर्व्हरवर प्रवेशच मिळालेला नव्हता. तीन दिवस ती तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "तुम्ही बिझी दिसत होता." म्हणजे ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा तो लाल ठिपका. ऑफिसात तिचा चेहरा पाहून अकरा वाजेपर्यंत कुणीतरी विचारलंच असतं, काय गं, काय अडलंय? चूक तिची नव्हती, माझी होती. त्यानंतर मी तिच्याशी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं विनाकारण बोलायचं ठरवलं. कॅमेरा चालू ठेवून दोघी आपापलं काम करायचो, मध्येच काही विचारायचं असलं तर विचारायचं. घरूनच सुरुवात करायची वेळ आली, तर कंपनीत असा कुणीतरी माणूस शोधा. अर्धा तास अडलात की विचारा. बावळट दिसलात तर दिसलात, पहिल्या सहा महिन्यांत ते माफ असतं.

आता घरची बाजू. ती खोटी सांगणार नाही.

वाकडला तिघींच्या फ्लॅटमधला माझा वाटा, मेस, बस, आणि पगाराच्या दिवशीचा तो एक पिझ्झा धरून निम्मा पगार तिथेच जिरायचा. वाकडहून हिंजवडी फेज थ्री म्हणजे आठ-नऊ किलोमीटर, पण पावसात तासाची निश्चिती नाही. घरी आल्यावर ते सगळं वाचलं. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा मी इथे होते. रजा टाकावी लागली ती दोन दिवसांची. बाकीचे दिवस खोलीबाहेर बाकावर बसून काम केलं. हे हिंजवडीतून झालं नसतं, आणि याची किंमत मला कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही.

त्याच आईचं दुसरं वाक्य मात्र पहिली दोन वर्षं रोज ऐकलं: "काय करालीस? टायपिंगच करालीस न्हवं? मग दूध उतू जातंय बघ जरा." शेजारच्या काकूंनी तर बाबांना हळूच विचारलं होतं, पोरीची नोकरी गेली का काय ओ? नातेवाइकांच्या लेखी घरी असलेली मुलगी म्हणजे मोकळी मुलगी. बँकेत जायचं, कुणाला स्टँडवरून आणायचं, सत्यनारायणाला केळीचे खांब बांधायचे, सगळ्याला "ती घरीच हाय की." मुलग्यांना हे थोडं कमी सोसावं लागतं. थोडंच.

यावर उपाय भांडून निघाला नाही, बाबांच्या पंचाने निघाला. दाराच्या कडीला पंचा अडकवलेला असेल तर कॉल चालू आहे, घर पेटलं तरच दार वाजवायचं. पंचा नसेल तर या, चहा आणा, काहीही विचारा. महिन्याभरात आई पाहुण्यांनाच दटावायला लागली, "पंचा हाय, पंचा हाय, हळू बोला!"

खुर्चीचं तसं थोडक्यात. जेवणाच्या खुर्चीवर आठ महिने बसले, मग फिजिओथेरपीला जे पैसे गेले त्यात चांगली खुर्ची आली असती. आधी खुर्ची घ्या. लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, आणि कीबोर्ड वेगळा लावा. झालं.

इंटरनेटचं मात्र मी महापुरात शिकले. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाशी मोजतात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहर बुडालं तेव्हा मी पुण्यात होते, फोनवर बातम्या बघत. जुलै २०२१ ला मात्र घरीच. गावभागातली मावशी, काका, दोघं भाऊ आणि त्यांचं कुत्रं आमच्याकडे आलं. आमच्या दारात पाणी नव्हतं, पण नेटची लाइन खाली कुठेतरी पाण्यातून येत असणार, ती गेली. मी दोन दिवस गच्चीवर छत्री धरून, फोनच्या हॉटस्पॉटवर, पायाशी ते कुत्रं, असं काम केलं. पुण्यातला तेव्हाचा वरिष्ठ म्हणाला, "पण तुमच्या एरियात तर पाणी नाहीये ना?" गुगल मॅप उघडून बोलत होता. त्याच्यावर चिडले, नंतर विचार केला. त्याला कसं कळावं? मी ऑफिसात असते तर तो माझ्यासोबत काचेतून तोच पाऊस बघत असता. पूर येणार हे मलाच आधी दिसत होतं, तर मीच आधी कळवायला हवं होतं.

तेव्हापासून घरी दोन कनेक्शन आहेत. एक फायबरचं, आणि फोनमध्ये दुसऱ्याच कंपनीचं सिम. राउटरला छोटा यूपीएस लावलाय, वीज गेली तरी कॉल तुटत नाही. लॅपटॉपला वायफायऐवजी वायर. आणि नेट घेताना नुसता डाउनलोडचा वेग विचारू नका, व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा फाटतो तो अपलोडपायी.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. ऑफिसात साडेसहाची बस असायची, ती चुकली की हाल, त्यामुळे उठावंच लागायचं. घरी बस नाही. अमेरिकेतला क्लायंट रात्री दहाला जागा होतो, लॅपटॉप उशाशी, "एकच मिनिट" म्हणत बारा. आता सात वाजले की चपला घालते आणि नेमिनाथनगरच्या मैदानाला दोन चकरा मारते. कपडे बदलून, केस विंचरून. घरी परत येते ती 'ऑफिसातून' येते.

कागदपत्रांबद्दल नवीन मुलं सगळ्यात कमी विचारतात, म्हणून इथे थांबते. ऑफर लेटरमध्ये 'बेस लोकेशन' काय लिहिलंय ते बघा. तिथे पुणे असेल आणि एचआरने फोनवर "घरूनच आहे हो" म्हटलं असेल, तर ते तोंडचं बोलणं आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, तसं कुठलीही कंपनी कधीही बोलावू शकते. हे गृहीत धरूनच मग घराचं कर्ज आणि लग्नाची तारीख ठरवा. ठिकाण बदललं तर पगार बदलतो का, लॅपटॉप आणि नेटचा खर्च कोण देतं, हे मेलवर विचारून ठेवा. दुसरं, घरी राहिलात की भाडं नाही, म्हणजे घरभाडे भत्त्याची करसवलतही नाही. नव्या करप्रणालीत ती तशीही मिळत नाही. जुन्या प्रणालीत आई-वडिलांना खरोखर भाडं देता येतं, पण ते त्यांच्या उत्पन्नात दाखवावं लागतं. नुसत्या पावत्या फाडू नका.

आणि 'घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी नोंदणी फी भरा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. नोकरी देणारा पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, दोन दिवस रडत बसू नका. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचे असे गेले आणि त्याने लाजेने आठवडाभर घरी सांगितलं नाही.

माझं सध्याचं असं आहे की महिन्यातला एक आठवडा पुण्याला. वंदे भारत आता सांगलीला थांबते, पण माझी सवय रात्रीच्या ट्रॅव्हल्सची. पेठ नाक्यापर्यंत जाग असते, खंबाटकी घाट कधी गेला कळत नाही. त्या आठवड्यात मी टेस्टिंग जवळजवळ करतच नाही. चहाला जाते, लोकांच्या टेबलांशी उभी राहते, कोण नवीन आलंय, कोण सोडून चाललंय, कुठला प्रोजेक्ट बंद पडणार आहे, सगळं ऐकते. भडंगाचा एक किलोचा पुडा नेते, तो संपेपर्यंत माझ्या टेबलाशी गर्दी असते. उरलेले तीन आठवडे त्यावर चालतात.

ती तासगावची मुलगी आता सीनियर आहे. तिने स्वतःहून पुण्याला बदली मागून घेतली, पुढच्या सोमवारी रुजू होतेय. काल विचारत होती, "ताई, जागा आपल्याला निवडायला देतात म्हणे, खिडकीशी घेऊ का?" म्हटलं, खिडकी नको. कॉफीच्या मशीनकडे जायच्या वाटेवरची घे.