चेंडू सोडा, सेफ्टी बघा : एनएफएलचा बचाव कसा वाचायचा

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सामना बघताना नजर आपोआप चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातावर जाते. बचाव समजून घ्यायचा असेल तर ही सवय आधी मोडा. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिल्यापासून चेंडू स्नॅप होईपर्यंत (क्वार्टरबॅककडे मागे दिला जाऊन खेळी सुरू होईपर्यंत) आठ-दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढची मोजणी उरकायची.

१. डाउन आणि यार्ड. दहा यार्ड पुढे जायला आक्रमणाला चार संधी मिळतात, त्यातली प्रत्येक म्हणजे डाउन. कितवा डाउन आणि किती यार्ड बाकी ते पडद्यावर लिहिलेलं असतं, तरी बरेच जण ते वाचतच नाहीत. तिसरा डाउन आणि १ यार्ड बाकी असेल तर बचाव पुढे दाटी करणार. १२ बाकी असतील तर मागे पांगणार.

२. माणसं. समालोचक ४-३ किंवा ३-४ म्हणतात, त्यातला पहिला आकडा लाइनमनचा (अगदी पुढच्या फळीतले), दुसरा लाइनबॅकरचा (त्यांच्या मागचे). उरलेले चार जण डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे दोन कॉर्नरबॅक (कडेला, रिसीव्हरसमोर) आणि दोन सेफ्टी (सगळ्यांत मागे). पण ही नावं आता बरीचशी कागदावरच उरली आहेत. आक्रमणाने तीन रिसीव्हर (पास झेलणारे) आणले की बचाव सहसा एक लाइनबॅकर बाहेर बसवून पाचवा बॅक आणतो. हा झाला निकेल, आणि हल्ली संघ सर्वांत जास्त वेळ याच रचनेत खेळतात. सहावा बॅक आला की डाइम. (निकेल हे अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं. डाइम दहा सेंटचं, पण पाचाच्या वरचं नाणं तेच, म्हणून सहाला ते नाव चिकटलं.)

इथे जर्सीच्या नंबरावर विसंबू नका. २०२१ मध्ये नियम सैल झाले आणि बॅक, लाइनबॅकर, रिसीव्हर सगळेच एक आकडी नंबर घालू लागले. 'हात जमिनीवर टेकलेला तो लाइनमन' हीसुद्धा अर्धीच खूण आहे, कारण ३-४ मध्ये कडेचे रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) उभ्यानेच सुरुवात करतात.

३. बॉक्स. आक्रमणाच्या लाइनसमोर, पाच-सहा यार्डांच्या आत बचावाचे किती जण आहेत ते मोजा. आक्रमणाचे पाच लाइनमन आणि एक टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहणारा) मिळून अडवणारे सहा. बॉक्समध्येही सहाच असतील तर प्रत्येकाला एकेक अडवणारा मिळतो आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला वाट सापडू शकते. सात असतील तर एक जण मोकळा राहतो. आठ दिसले, तर बहुधा एक सेफ्टी मागची जागा सोडून पुढे आलाय. मग मागे बघा.

४. सेफ्टी. खरी गोम इथे आहे. अडचण एवढीच की टीव्हीचा कॅमेरा जवळ असतो आणि सेफ्टी चौकटीबाहेर राहतात. त्यावर सोपा उपाय : दिसतात तेवढे मोजा आणि अकरातून वजा करा. दहा दिसले तर मागे एक, नऊ दिसले तर दोन.

एकच सेफ्टी मधोमध असेल तर कव्हर १ किंवा कव्हर ३ (आकडा म्हणजे मागचा भाग किती जण राखतात ते). कव्हर १ मध्ये बाकीचे बहुतेक आपापल्या माणसाच्या पाठी धावतात. इथे एकमेकांना छेदून पळणारे रिसीव्हर त्रास देतात. पाठलाग करणारे आपल्याच गर्दीत अडकतात. कव्हर ३ मध्ये दोन्ही कॉर्नरही मागे सरतात आणि तिघे मिळून मागचा भाग वाटून घेतात. चार रिसीव्हर सरळ वर पळाले की तिघांना चौघं आवरत नाहीत.

सेफ्टी दोन असतील तर कव्हर २ किंवा कव्हर ४. मैदानाची रुंदी सुमारे ५३ यार्ड. कव्हर २ मध्ये ती दोघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला २६-२७ यार्ड येतात, म्हणून भोकं ठरलेली : दोघांच्या मधोमध खोलवर, आणि कडेला कॉर्नरच्या मागे, सेफ्टी पोहोचण्याआधी. हे दोन ओळखायला कॉर्नर बघा. कव्हर २ चा कॉर्नर साधारण पाच यार्डांवर उभा राहून रिसीव्हरला धक्का देतो (पाच यार्डांपलीकडे धक्का दिला तर दंड आणि आयता पहिला डाउन). सात-आठ यार्ड मागे असेल तर कव्हर ४ चा संशय घ्या.

मागे कोणीच नाही? कव्हर शून्य. ब्लिट्झ (नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त जणांची क्वार्टरबॅकवर चाल) येतोय, आणि तो अडीच-तीन सेकंदांत पोहोचला नाही तर बचावाची खैर नाही.

५. मोशन. आक्रमणाचा खेळाडू स्नॅपआधी आडवा पळाला आणि बचावातला एक त्याच्या मागोमाग गेला, तर बहुधा माणूस-माणूस. बाकीचे नुसते एखादं पाऊल सरकले, तर झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणं.

६. स्नॅपनंतरचा पहिला सेकंद. आधीचं चित्र खोटं असू शकतं, म्हणून आताही चेंडूकडे बघू नका. दोन सेफ्टी दाखवून स्नॅपला एकाने पुढे उतरायचं आणि दुसऱ्याने मध्ये यायचं, हा नेहमीचा फसवा डाव आहे. बचाव प्रशिक्षक विक फॅंजिओ यांचे बचाव यासाठीच ओळखले जातात.

त्यांच्या हाताखालच्या बचावाच्या जोरावर फिलाडेल्फिया ईगल्सने ९ फेब्रुवारी २०२५ ला (आपल्याकडे १० तारखेची पहाट) कॅन्सस सिटी चीफ्सला सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, ४०-२२ असं हरवलं. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सहा वेळा सॅक झाला (चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला), आणि ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघांनीच पुढून दाब दिला आणि सात जण मागे राहिले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सलग दोन सॅकनंतर तिसरा डाउन, १६ यार्ड बाकी. महोम्स उजवीकडे सरकत मध्ये फेकतो आणि निकेलचा तो पाचवा बॅक, कूपर डीजीन, चेंडू पकडून ३८ यार्ड पळत टचडाउन करतो. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. रीप्लेमध्ये ही खेळी दोनदा बघा : एकदा फक्त पुढचे चौघं, एकदा फक्त डीजीन.