सोलापुरातून परदेशात फुटबॉल कोच व्हायचंय? आधी कागद जमव

पार्क मैदानावर तू भारी खेळायचास, हे मस्कतच्या अकादमीला कोण सांगणार? तिथं पहिला प्रश्न एकच, लायसन्स कुठलं? म्हणून बूट टांगायच्या आधीच एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) कोचिंगचा डी कोर्स उरकून टाक. पुढं सी, बी, ए, प्रो अशी एएफसीच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या लायसन्सची चढण. मध्ये प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, उडी मारता येत नाही.

दहावीचं सर्टिफिकेट जप. ते जोडलं की पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी हवी, असा शिक्का) लागत नाही; आखातात नोकरीला जाताना तो नडतो. एजंट ‘फ्री व्हिसा’, म्हणजे पक्की नोकरी नसलेला व्हिसा, म्हणाला, की उठून चहा प्यायला जायचं.

खरी परीक्षा डेमो सेशनची, म्हणजे अकादमीसमोर सराव घेऊन दाखवायची. भाषण ठोकू नकोस. मी रोंडो घेतो, चार पोरं बाहेरून पास देणार, आतली दोन बॉल हिसकावणार. चूक दिसली की शिट्टी, सगळे जागच्या जागी. ज्याचा पास अडला, त्या एकालाच अंग कसं वळवून उभं राहायचं ते दाखवायचं, की लगेच खेळ चालू. इंग्रजी मोडकं चालतं, नावं मात्र पाठ कर. ‘ए निळ्या’ म्हणून हाक मारलेली पालकांना खपत नाही. उन्हाचं म्हणशील तर आपण सोलापूरकर! तरी तिथं उन्हाळ्यात सराव अंधार पडल्यावरच.