देश बदलताना स्वयंपाकघर आधी लावा

बायकोच्या नोकरीपायी आम्ही दर दोन-तीन वर्षांनी देश बदलतो आणि सामान बांधण्यापासून ते नव्या घरात डबे भरण्यापर्यंतचं सगळं खातं माझ्याकडे असतं. माझं मत आता पक्कं झालंय. नव्या घरात ओळखीच्या चवीचं गरम जेवण जितक्या लवकर ताटात येईल, तितकी पोरं लवकर रुळतात. सोफा, पडदे, पुस्तकं महिनाभर थांबली तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून स्थलांतराचं सगळं वेळापत्रक मी शेगडीपासून मागे मागे आखत येतो.

सुरुवात घर शोधण्यापासूनच करा. एजंटला विचारायचा पहिला प्रश्न असा: स्वयंपाकघरात नेमकं काय काय आहे? प्रश्न बावळट वाटेल, पण जर्मनीत भाड्याच्या कितीतरी घरांत स्वयंपाकघर म्हणजे नळाच्या आणि विजेच्या जोडण्या असलेली रिकामी खोली असते. ओटा, कपाटं, कधी कधी सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो. जपानमध्ये बऱ्याच घरांत शेगडीची फक्त जागा मिळते. शेगडी आपण आणायची, आणि तीही घरातल्या गॅसला जुळणारी, कारण पाइपने येणाऱ्या शहरी गॅसची शेगडी वेगळी आणि सिलिंडरच्या प्रोपेनची वेगळी. फोटोंवर विसंबू नका. व्हिडिओ कॉलवर कपाटांची दारं उघडून, नळ सोडून, शेगडी पेटवून दाखवायला सांगा.

तिथे इंडक्शन असेल तर घरातलं एक चुंबक घ्या आणि भांड्यांच्या तळाला लावत सुटा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरला आणि तांब्या-पितळेला चुंबक चिकटत नाही, ती भांडी मागे ठेवा किंवा कुणाला तरी देऊन टाका. बिडाचा तवा चालतो. फक्त काचेवर तो सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा.

मिक्सर न्यायचा की नाही, यावर आमच्या घरी दर वेळी वाद होतो. निकाल यंत्राच्या तळाशी छापलेला असतो. तिथे १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर पिनेचा साधा अडाप्टर पुरतो. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसतं २३० व्होल्ट लिहिलेला मिक्सर १२० व्होल्टच्या अमेरिकेत किंवा १०० व्होल्टच्या जपानमध्ये रडतखडत फिरेल. उलट तिकडचं यंत्र २३० व्होल्टवर लावलंत तर जळेल. किटली, इस्त्री, टोस्टर यांचं गणित आणखी कडक आहे: व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. ट्रान्सफॉर्मरने हे सुटतं, पण मिक्सरला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर स्वतःच मिक्सरपेक्षा जड निघतो. मी उष्णतेवर आणि मोटारीवर चालणारं सगळं तिथेच विकत घेतो आणि निघताना तिथेच विकतो. (जपानमध्ये आणखी एक गंमत आहे. टोकियोच्या बाजूला वीज ५० हर्ट्झची, ओसाकाच्या बाजूला ६०ची. म्हणजे देशातल्या देशात बदली झाली तरी जुन्या यंत्राचं लेबल पुन्हा वाचायचं.)

प्रेशर कुकर मात्र मी कधीच सोडत नाही. उंचावरच्या शहरात जाणार असाल तर तुम्हीही सोडू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने खाली येतो. कोलंबियाची राजधानी बोगोटा २,६०० मीटरवर आहे, म्हणजे तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ तासभर नुसती गरगरत राहते. कुकर आतला दाब वाढवून पाण्याचं तापमान पुन्हा वर नेतो. सोबत जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. दुसऱ्या देशात कुकर मिळेल, पण तुमच्या कुकरची रिंग मिळेलच असं नाही. सपाटीवरही कडधान्य शिजत नसेल तर पाण्यावर संशय घ्या. जड पाण्यातलं कॅल्शियम कडधान्याला मऊ होऊ देत नाही. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला की काम होतं.

आता बॅगा. विमानाने सोबत येईल ते पहिल्या आठवड्यासाठी, जहाजाने जाईल ते तिसऱ्या महिन्यासाठी, असं धरून चाला. सहा आठवड्यांत येणारं सामान बंदरात अडकून बारा आठवड्यांनी आलं तरी जेवण अडता कामा नये. एका बॅगेत लहान कुकर, एक कढई, सुरी, पळी, प्रत्येकाचं एक ताट, चार जेवणांपुरते तांदूळ आणि डाळ, आणि रोजचे मसाले. वजन डिजिटल काट्यावर घरीच बघा. बऱ्याच विमान कंपन्यांत एका बॅगेला २३ किलोची मर्यादा असते. सुरी आणि मसाले दोन्ही चेक-इन बॅगेत. चटणी, लोणचं, दही यांना हातातल्या बॅगेत द्रवपदार्थाचाच नियम लागतो आणि बहुतेक विमानतळांवर तो अजून १०० मिलिलिटरचा आहे. अमेरिकेकडे जाताना हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली तर वेगळी तपासणी होऊ शकते.

कस्टमचा नियम देशागणिक बदलतो, म्हणून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची यादी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचायची. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूपही त्यात आलं. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तू आणि लाटण्यासारख्या लाकडी वस्तू विमानातल्या कार्डावर जाहीर कराव्या लागतात. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड बसतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सिंगापूरमध्येही ती अशी नेता येत नाही, तेव्हा मसाल्याच्या तयार पुड्यांचं लेबलही वाचा. घरच्या डब्यातल्या पुडीपेक्षा कारखान्यातून आलेलं, नाव छापलेलं, न फोडलेलं पाकीट बरं. अधिकाऱ्याला नुसती लाल पूड दाखवून ती काय आहे हे पटवत बसावं लागत नाही.

पोहोचण्याचा वारसुद्धा विचार करून ठरवा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं कायद्याने बंद असतात. शनिवारी रात्री दमलेली मुलं घेऊन उतरलात तर सोमवार सकाळपर्यंत दूध नाही. मी मंगळवार-बुधवारचं तिकीट बघतो, महाग पडलं तरी.

पहिल्या दिवशी वरण-भाताइतकं साधंच करा. तोवर मोजमापाची बोंब झालेली असते. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि राइस कुकरसोबत येणारा कप १८०. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इतरत्र बहुधा १५चा. इंटरनेटवरच्या पाककृतीत कप म्हटलं की तो कुणाचा, हे आधी शोधा. मी सगळ्या पाककृती ग्रॅममध्ये लिहून ठेवल्यात, बायको याला खूळ म्हणते. पिठाचंही तसंच आहे. जर्मनीत पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात, फ्रान्समध्ये टी ४५, टी ५५, टी १५०. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. दोन प्रकार अर्धे-अर्धे मिसळून बघत आपली कणीक गाठायची. दह्यासाठी विरजण सीमेपलीकडे नेण्याचा खटाटोप करू नका. जिवंत जिवाणू असलेलं साधं, बिनसाखरेचं दही आणा आणि थंड घरात ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवा.

मुलांच्या बाबतीत मी दोनच नियम पाळतो. आठवड्यातलं एक जेवण कुठल्याही देशात तेच राहतं, त्याच वारी. आमच्याकडे शुक्रवार, आणि काय करायचं ते लेक ठरवते. दुसरा असा की दर शनिवारी बाजारातून एक अनोळखी भाजी किंवा फळ आणायचं, ते धाकट्याने निवडायचं. आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही, एक घास पुरे. लहान मुलांना नवी चव पटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा पहिल्या नकाराने ती भाजी बाद करू नका. शाळेच्या डब्याचे नियम मात्र पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या. काही शाळांत शेंगदाणे चालत नाहीत, काहींत डबा गरम करायची सोय नसते.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांच्या मानाने कमी मुदतीचे असतात आणि कित्येक देशांना त्यावर सहा महिने शिल्लक लागतात. जन्माचे आणि लग्नाचे दाखले निघण्याआधीच अपोस्टिल करून घ्या (म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून त्यांवर मिळणारा सरकारी शिक्का), लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत घ्या. शाळेचं वर्ष जपानमध्ये एप्रिलला, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस आणि युरोप-अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. बदलीची तारीख बोलून ठरवता येत असेल तर हे पुढ्यात ठेवूनच बोला.

आणि पुढच्या बदलीची कुणकुण लागली की किराणा भरणं थांबवा. मी सहा आठवडे आधी फ्रीजरची यादी दारावर चिकटवतो आणि रोज त्यातलं एक काहीतरी शिजवतो. शेवटच्या आठवड्यात काहीही कशातही पडतं आणि पोरं तक्रार करतात, ती करू द्यावी. उघडे मसाले, तेलं, अर्ध्या बाटल्या शेजाऱ्यांना वाटा, त्या जहाजात घालू नका. गळकी बाटली अख्ख्या खोक्याला वास लावते. फ्रीज दोन दिवस आधी बंद करून, पुसून, दार उघडं ठेवून वाळवा. खोक्यांवर नुसतं 'स्वयंपाकघर' लिहू नका, आत काय आहे ते लिहा. पॅक करणारी माणसं तुम्ही सांगितलं नाही तर कचऱ्याचा डबासुद्धा कचऱ्यासकट बांधतात, म्हणून सोबत न्यायची कुकरची बॅग त्या सकाळी बाथरूममध्ये ठेवा आणि बाहेरून दार लावून घ्या.